पोर्शे 911 : बदलावी की ठेवावी?

ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये पोर्शेने 911 कॅरेरा आरएस 2.7 ही गाडी मांडली. किंमत 34,000 जर्मन मार्क. शर्यतीत उतरण्याची मान्यता मिळवायला 500 गाड्या बनवणं भाग होतं, आणि एवढ्या गाड्या खपतील का याची कंपनीच्या विक्री विभागालाच धाकधूक होती. नोव्हेंबर संपायच्या आत पाचशेच्या पाचशे विकल्या गेल्या. शेवटी आकडा 1,580 वर गेला.

या गाडीसोबत गिऱ्हाइकापुढे दोन पर्याय होते. 700 मार्क जास्त दिले की गाडीतलं सामान काढून टाकून मिळायचं. मागची सीटं, गालिचा, घड्याळ, कोट अडकवायचे हूक, हात टेकायच्या पट्ट्या, सगळं गायब. वजन 960 किलो. दुसऱ्या पर्यायात 2,500 मार्क मोजून गाडी नेहमीच्या 911 सारखी आरामशीर करून घेता यायची. ती भरायची 1,075 किलो. हलकी गाडी घेणारे निघाले 200. तेराशेहून अधिक लोकांनी आराम निवडला. आज जुन्या गाड्यांच्या लिलावात त्या दोनशे गाड्यांना भाव जास्त येतो, हे खरं. पण म्हणून तेराशे जण चुकले असं कोणी म्हणू नये. त्यांना गाडी रोज चालवायची होती.

स्पोर्ट्स कार नवी घ्यावी का आणि तिच्यावर काय काय बसवून घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते गाडी कशी वापरली जाणार यात असतं. हे पारखायला 911 इतकी चांगली गाडी दुसरी नाही, कारण साठ वर्षांहून अधिक काळ ही एकच गाडी थोडी थोडी सुधारत आली आहे आणि तिच्या पर्यायांची यादी भल्याभल्यांना चक्रावून टाकते.

मागे बसवलेलं इंजिन

सप्टेंबर 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी 901 या नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि पोर्शेने शून्याच्या जागी एक घातला. आकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचा. संस्थापकांचे ते नातू. इंजिन दोन लिटरचं, आडव्या मांडणीचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, 130 हॉर्सपॉवरचं. ते बसवलं होतं मागच्या आसाच्याही मागे.

हा हट्टच म्हणायचा. कॅरिअरवर गोणी लादलेली सायकल वळणावर मागून फेकली जाते, तशी सुरुवातीची 911 वागायची. वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग पुढे यायला बघायचा. कंपनीने काही दिवस पुढच्या बंपरमध्ये वजनं ठेवून पाहिली, मग 1968 मध्ये चाकांमधलं अंतर 57 मिलिमीटरने वाढवलं. इंजिनाची जागा मात्र सोडली नाही. त्यामुळे ब्रेक मारताना आणि वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना जी पकड मिळते, तिच्यासाठीच लोक ही गाडी घेतात.

1980 च्या सुमारास कंपनी 911 बंद करून पुढे इंजिन असलेली 928 चालवायच्या बेतात होती. 1981 मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. ते सांगत, की मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात 911 ची रेघ त्या वर्षी संपत होती. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर नेली. मे 2017 मध्ये दहा लाखावी 911 बाहेर पडली.

कोणत्या पिढीतून कोणत्या पिढीत?

911 चे शौकीन गाडीला कारखान्यातल्या क्रमांकानेच ओळखतात. 993, 996, 997, 991, 992 हे क्रमांक त्यांच्या बोलण्यात घरच्या माणसांच्या नावांसारखे येतात. प्रत्येक नवी पिढी आधीपेक्षा वेगवान असते, पण प्रत्येक वेळी गाडी बदलण्याइतका फरक पडतोच असं नाही. खरी वळणं मोजकीच आहेत.

पहिलं वळण 996. हवेवर थंड होणारं इंजिन 993 बरोबर संपलं आणि 1997 मध्ये दाखवलेल्या 996 मध्ये पाण्याने थंड होणारं इंजिन आलं. याच इंजिनात कॅम फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग हे दुखणं निघालं. सगळ्याच गाड्यांत ते बिघडत नाही, पण बिघडलं तर इंजिन हातचं जातं. 2008 मध्ये 997 चं सुधारित रूप आलं तेव्हा इंजिन नव्याने रचलं आणि तो शाफ्टच काढून टाकला. त्याच वर्षी दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स 911 मध्ये आला. म्हणून 996 किंवा सुरुवातीची 997 बाळगणाऱ्याने 2008 नंतरच्या गाडीचा विचार केला, तर तो शहाणपणाचा आहे. यात मिरवण्यापेक्षा मनःशांती मोठी.

दुसरं वळण 2011 ची 991. चाकांमधलं अंतर 100 मिलिमीटरने वाढलं, गाडी लांब पल्ल्यावर शांत झाली. स्टिअरिंगला हायड्रॉलिकऐवजी विजेची मदत आली आणि रस्ता हाताला पूर्वीसारखा कळत नाही अशी जुन्या चालकांची तक्रार सुरू झाली. तिच्यात तथ्य होतं. 2015 मध्ये तिसरं वळण आलं: साध्या कॅरेरालाही तीन लिटरचं टर्बो इंजिन मिळालं. ताकद खालच्या आरपीएमपासून मिळू लागली, पण वर चढत जाणारा तो जुना आवाज दबला. ज्याच्याकडे 2011 ते 2015 मधली टर्बो नसलेली कॅरेरा चांगल्या स्थितीत आहे, त्याने वेगासाठी ती विकू नये. तसं इंजिन आता हवं असेल तर जीटी3 पर्यंत जावं लागतं. तिचं चार लिटरचं इंजिन 9,000 आरपीएमपर्यंत फिरतं, आणि तिची किंमतही तेवढीच चढी.

2018 च्या अखेरीस आलेली 992 सगळीकडून रुंद झाली. 1963 च्या गाडीची रुंदी 1,610 मिलिमीटर होती, 992 ची 1,852. मूळ गाडी साधारण 1,080 किलोची होती, 992 कॅरेरा 1,505 किलोची. मे 2024 मध्ये तिचं सुधारित रूप आलं. त्यातल्या जीटीएस या मॉडेलला 3.6 लिटरचं इंजिन, विजेवर फिरणारा टर्बो, गिअरबॉक्समध्ये मोटर आणि 1.9 किलोवॉट-तासाची छोटी बॅटरी मिळाली. एकूण ताकद 541 हॉर्सपॉवर. नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर ती आधीच्या जीटीएसपेक्षा 8.7 सेकंदांनी लवकर आली. त्याच फेरबदलात मधला काट्यांचा आरपीएम मीटर जाऊन तिथे पूर्ण स्क्रीन आला, डाव्या हाताने फिरवायच्या चावीसारख्या खुंटीऐवजी बटण आलं, आणि जीटीएसमधून हाताने टाकायचा गिअर गेला.

त्यामुळे 991 किंवा पहिली 992 असलेल्याला नव्या गाडीत काय मिळतं? ट्रॅकवर काही सेकंद, दिवे चांगले, स्क्रीन मोठा. त्या बदल्यात काय गमावलं जातं, हे आधी मोजावं.

यादीतलं काय घ्यावं

आपल्याकडे गाडी घेताना ‘टॉप मॉडेल घेऊन टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. 911 ला तो लागू पडत नाही. इथे साधी कॅरेरा घेऊन तिच्यावर यादीतून इतकं चढवता येतं की किंमत वरच्या मॉडेलला जाऊन भिडते. म्हणून एक कसोटी लावावी: जे नंतर बसवता येत नाही आणि जे गाडीत बसल्यावर प्रत्येक वेळी जाणवतं, त्यावर पैसा घालावा. बाकीचं सोडून द्यावं.

या कसोटीवर पहिला क्रमांक गिअरबॉक्सचा. पीडीके आठ गिअरचा आहे, माणसापेक्षा वेगाने गिअर बदलतो आणि गर्दीत डावा पाय मोकळा ठेवतो. पण गाडी फक्त रविवारी पहाटे निघणार असेल तर हाताच्या गिअरचा आनंद वेगळाच. 2024 नंतर तो कॅरेरा टीमध्ये किंवा जीटी3मध्ये शोधावा लागतो. नंतर गिअरबॉक्स बदलून घेऊ, असं इथे चालत नाही.

दुसरा क्रमांक सीटांचा. अठरा दिशांनी जुळवता येणारी सीट महाग वाटते, पण तीन तासांच्या प्रवासानंतर कमर तिचा हिशेब चुकता करते. कार्बनची न हलणारी बकेट सीट दिसायला देखणी. ट्रॅकवर उत्तम, घरच्या वडीलधाऱ्यांना मात्र तिच्यातून उठवायला दोन माणसं लागतात. नव्या कॅरेराच्या कूपेत मागची सीटं मुळात नसतात, पण मागितली तर जास्तीचे पैसे न घेता मिळतात. ती मागावीत. मोठ्या माणसाला ती उपयोगाची नाहीत. लहान मूल, दप्तर आणि बॅग यांना पुरेशी आहेत.

पुढचा भाग उचलणारी यंत्रणा परदेशी समीक्षक ऐच्छिक मानतात. आपल्याकडे ती पहिल्या तिनात यायला हवी. बटण दाबलं की नाक सुमारे 40 मिलिमीटर वर येतं. सोसायटीच्या फाटकाशी नियमबाह्य उंचीचा स्पीडब्रेकर असतो आणि तो रोज ओलांडायचा असतो. गाडी जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथे आपोआप उचलली जाते.

मागची चाकंही वळवणारी यंत्रणा आधी 2013 च्या जीटी3 मध्ये आली. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात, जास्त वेगात त्याच दिशेला. अरुंद पार्किंग असलेल्याला आणि घाटात चालवणाऱ्याला तिचा उपयोग आहे. स्पोर्ट एक्झॉस्टही घ्यावा, कारण टर्बोने आवाज दाबल्यावर तो थोडाफार परत मिळतो आणि शेजाऱ्यांसाठी बटणाने बंदही करता येतो.

आता न घेण्याच्या गोष्टी. सिरॅमिक ब्रेक 2001 च्या जीटी2 पासून या घराण्यात आहेत आणि पिवळ्या कॅलिपरवरून लांबूनच ओळखू येतात. लोखंडी डिस्कच्या निम्म्या वजनाचे असल्याने चाकं हलकी होतात, आणि गाडी रस्त्यावरच राहिली तर ते वर्षानुवर्षं टिकतात. पण नेमाने ट्रॅकवर जाणारे अनेक जण लोखंडी ब्रेकच निवडतात, कारण तिथे डिस्क झिजतात आणि सिरॅमिक डिस्कचं बिल डोळे पांढरे करतं. स्पोर्ट क्रोनो पॅकेजमुळे कॅरेरा शून्य ते शंभर 4.1 ऐवजी 3.9 सेकंदांत गाठते. त्या दोन दशांशांसाठी ते घेऊ नये, मागणीनुसार घट्ट होणारे इंजिन माउंट हवे असतील तर घ्यावं. मोठी चाकं तर टाळावीतच. टायरची भिंत जितकी उंच, तितका खड्डा रिमपर्यंत कमी पोहोचतो.

रंग हा वेगळाच विषय. हव्या त्या रंगात गाडी रंगवून देण्याची सोय आहे आणि त्यासाठी वाट पाहावी लागते, पैसेही बरेच पडतात. पण गाडीकडे वळून पाहायला लावणारी हीच एक गोष्ट असेल, तर कार्बनच्या पट्ट्यांपेक्षा ती कधीही बरी.

मुंबईतला हिशेब

भारतात 911 पूर्ण बनलेल्या स्थितीत येते. अशा महागड्या गाड्यांवरचं आयात शुल्क वर्षानुवर्षं किमतीच्या 100 टक्क्यांहून अधिक राहिलं आहे, वर जीएसटी आणि राज्याचा वाहन कर. कारखान्यात चढवलेला प्रत्येक पर्याय गाडीच्या किमतीत धरला जातो आणि त्यावरही हे सगळं चढतं. श्टुटगार्टच्या सुफनहाउझन कारखान्यात जे हजार युरोला बसतं, ते इथे दुपटीहून महाग पडतं. त्यामुळे जर्मन गिऱ्हाइकाने ‘असू दे’ म्हणून घेतलेली वस्तू मुंबईकराने दोनदा विचार करून घ्यावी.

दुसरा हिशेब वेगाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. 911 तो वेग दुसऱ्या गिअरमध्ये ओलांडते. म्हणजे नव्या गाडीची वाढीव ताकद सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने वापरताच येत नाही. ती हवी असेल तर चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं 5.125 किलोमीटरचं बुद्ध सर्किट गाठावं. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला याच कंपनीच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जिवांचा अंत झाला, हे पुणेकर विसरलेले नाहीत. ताकदीवर पैसे उधळण्याआधी प्रशिक्षकाबरोबर ट्रॅकवर काही दिवस घालवणं, हा यादीत न छापलेला पण सगळ्यांत मोलाचा पर्याय आहे.

तेव्हा निर्णय असा. गाडी 2008 च्या आधीची असेल आणि इंजिनाची काळजी झोप उडवत असेल, तर बदला. घरात मूल आलं, गुडघे दुखू लागले, रोज गर्दीत क्लच दाबणं जड जातं, तरी बदला. शेजाऱ्याकडे नवी आली किंवा माहितीपत्रकातला आकडा वाढला म्हणून बदलू नका. चांगल्या स्थितीतल्या 991 ला नवे, कंपनीने मान्य केलेले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि नीट जुळवलेलं अलाइनमेंट द्या. नव्या गाडीच्या किमतीच्या अगदी लहानशा हिश्शात ती पुन्हा नव्यासारखी चालेल. आणि नवी घेतलीच, तर साधी कॅरेरा घ्या, सीट, गिअरबॉक्स आणि नाक उचलणारी यंत्रणा एवढ्यावर पैसे घाला, आणि यादी मिटून ठेवा.