सही व्हॅल्युअरची, आकडा कोणाचा?

स्थापत्य अभियांत्रिकीची किंवा वास्तुशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलामुलींना व्हॅल्युअर, म्हणजे मिळकतीची किंमत काढणारा तज्ज्ञ, होण्याचा सल्ला आता सर्रास मिळतो. वाटही आखलेली आहे. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालचे नियम १८ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. जमीन-इमारत या वर्गासाठी पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षांचा. मग ५० तासांचं प्रशिक्षण, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण मागणारी परीक्षा आणि शेवटी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी. आधीच्या पिढीची नोंदणी संपत्तिकर कायद्याच्या कलम ३४-एबीखाली झालेली. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो कर रद्द झाला, पण त्या नोंदणीचा उपयोग पुढेही होत राहिला. सल्ला देणारा इथवर बरोबर असतो. मग तो म्हणतो, ‘बँकेच्या पॅनेलवर लागलात की झालं!’ माझा वाद या शेवटच्या वाक्याशी आहे. पॅनेल हे काम मिळण्याचं एक दार आहे, त्यालाच घर समजून राहणाऱ्याच्या हातात स्वतःचा आकडा उरत नाही. या व्यवसायात दोनच गोष्टी दीर्घकाळ साथ देतात: आपण जमवलेला बाजाराचा पुरावा, आणि एकाच गिऱ्हाइकावर पोट अवलंबून न ठेवण्याची तजवीज.

आधी पुराव्याचं. किंमत काढण्याच्या पद्धती पुस्तकात थोड्या पानांत संपतात: आसपासच्या व्यवहारांशी तुलना, भाड्याच्या उत्पन्नाचं भांडवलीकरण, किंवा जमिनीची किंमत अधिक घसारा वजा केलेलं बांधकाम. अवघड असतं ते हाती आलेला व्यवहार खरोखर तुलनेजोगा आहे का, हे ठरवणं. ‘चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली केलेली मांडणी प्रत्येक नवख्याने मुळातून वाचावी. रस्त्यालगतचा दर्शनी भाग, नियमित आकार आणि वस्तीची जवळीक यांनी भाव चढतो. आत दडलेली, सखल किंवा चिंचोळी जागा तो उतरवते. लहान प्लॉटच्या दरावरून मोठ्या क्षेत्राची किंमत काढायची, तर रस्ते, मोकळ्या जागा आणि खरेदीदार मिळेपर्यंत अडकून पडणारा पैसा यांपोटी साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी, असं न्यायालय सांगतं. आता २० की ५०? त्याचं उत्तर निकालपत्रात नाही. ते त्या तालुक्यातले व्यवहार वर्षानुवर्षं टिपून ठेवणाऱ्याकडेच मिळतं.

हे व्यवहार टिपायचे, तर नोंदलेल्या दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं दिसतं. विक्री सख्ख्या भावांत झाली, की कर्जापायी घाईने झाली, किंवा दरात पार्किंग धरलं होतं का, हे दिसत नाही. लिहिलेलं क्षेत्र चटईचं की बांधीव, इथेही गफलत होते. शेतजमिनीत तर एकमेकांना लागून असलेल्या दोन गटांचे सातबारे शेजारी ठेवून पाहावेत. माती तीच, रस्ता तोच. पण एकावर भोगवटादार वर्ग १, आणि दुसऱ्यावर वर्ग २. म्हणजे दुसरी विकताना परवानगी आणि नजराणा आलाच. त्यात इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव असेल, किंवा विकास आराखड्यात तिथे आरक्षण पडलं असेल, तर दोन्ही जमिनींना एकच भाव लावणारा अहवाल कागदावर कितीही नेटका दिसला तरी निरुपयोगी आहे. हे वाचायला येणं हेच या व्यवसायाचं भांडवल, आणि ते ५० तासांत कमावता येत नाही.

रेडी रेकनर असताना एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. रेडी रेकनर म्हणजेच वार्षिक मूल्यदर तक्ते उपयोगाचे आहेत, पण ते मुद्रांक शुल्काच्या वसुलीसाठी केलेले असतात. विभागवार दर आणि इमारतीचं वय, मजला यांसाठीचे ठरीव नियम यांपलीकडे ते एका विशिष्ट मिळकतीपर्यंत पोचत नाहीत. आदिलाबादच्या जवाजी नागनाथम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलं, की मुद्रांक शुल्कासाठीच्या मूल्य नोंदवहीवरून भूसंपादनातला बाजारभाव ठरवता येणार नाही. संगणक हे काम करील, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. शेकडो सारखे फ्लॅट असलेल्या मोठ्या संकुलात तो करीलही. तिथे माणसाचं काम कमी होणार, हे मान्य करावं. पण संगणक जगतो नोंदलेल्या दस्तांवर, आणि जिथे मोबदल्याचा काही भाग दस्ताबाहेर फिरतो तिथे तो दस्तातलाच आकडा खरा धरणार. जुने भाडेकरू असलेली इमारत, वाटणी न झालेला वाडा, अर्धवट बिनशेती जमीन या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. नव्याने येणाऱ्याने तयारी याच कामांची करावी.

आता पोटाचं. ८० लाखांचा फ्लॅट ठरला, तर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४ लाख मिळू शकतात. व्हॅल्युअरने प्रामाणिकपणे ७२ लाख लिहिले, तर कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येतं आणि ६ लाख ४० हजारांची तोंडमिळवणी खरेदीदाराला करावी लागते. त्या क्षणी घेणारा, विकणारा, दलाल, कर्जाचं उद्दिष्ट गाठायचं असलेली शाखा, सगळ्यांचं हित आकडा ८० व्हावा यात असतं. व्हॅल्युअरसाठीच्या आचारसंहितेत गिऱ्हाइकाच्या सोयीचं मूल्यांकन करण्यास स्पष्ट मनाई आहे. पण ज्याचं महिन्याचं सगळं काम त्या एकाच शाखेतून येतं, त्याला ती मनाई किती काळ पाळता येईल?

प्रामाणिक राहिलो तर उपाशी मरू, ही भीती म्हणून खोटी नाही. फक्त तिचं उत्तर धैर्याच्या उपदेशात शोधू नये, कामाच्या विभागणीत शोधावं. २००१ पूर्वी घेतलेली मिळकत विकणाऱ्याला भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून जुने दरतक्ते आणि जुने दस्त जपणाऱ्याला इथे मोल आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली लिलावाआधी राखीव किंमत ठरवायला मूल्यांकन घ्यावंच लागतं. नादारीच्या प्रकरणात साधारणपणे दोन नोंदणीकृत व्हॅल्युअर नेमले जातात. कुटुंबातली वाटणी, सोसायटीचा पुनर्विकास, वाढीव मोबदल्याचे भूसंपादन दावे ही कामं सावकाश येतात, पण उलटतपासणीत टिकणारा अहवाल लिहिणाऱ्याकडेच पुन्हा येतात. सुरुवातीची काही वर्षं मिळकत कमी राहील, हे घरच्यांना आधीच सांगून या वाटेला लागावं.

सगळा भार एकट्या व्हॅल्युअरवर टाकणंही अन्यायाचं आहे. एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये व्हॅल्युअरांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला होता. तो मार्गी लागावा, आणि बँकांनी कोणत्या प्रकरणाला कोण व्हॅल्युअर हे शाखेच्या हाती न ठेवता सोडतीने ठरवावं. तोवर वाचकांना एक विनंती. आयुष्याची पुंजी घालून घर किंवा जमीन घेणार असाल, तर बँकेच्या अहवालाची वाट पाहू नका; तो बँकेच्या जोखमीसाठी असतो. बयाणा देण्याआधी आपल्या पैशाने आपला व्हॅल्युअर नेमा, आणि त्याने कोणते व्यवहार तुलनेला धरले ते त्याच्याकडून लेखी घ्या.