उमाबाई दाभाडे : मावळातल्या एका बाईचा माग

तळेगाव दाभाडेहून इंद्रायणी ओलांडून उत्तरेला गेले की आंबी, मंगरूळ आणि पुढे नवलाख उंबरे लागते. एकेकाळी भातखाचरांचा असलेला हा पट्टा आता औद्योगिक वसाहतीचा झाला आहे. जमिनींना मोल आले तशा घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. जुने सातबारे, फेरफार आणि वारसनोंदी बाहेर आल्या. वंशावळी नव्याने लिहिल्या गेल्या. या वंशावळींत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ओळीने सापडतात. पणजी मात्र सहसा सापडत नाही. बहिणींची नावे दिसतात ती बहुधा हक्कसोडपत्रावर, म्हणजे हक्क सोडून देण्याच्या क्षणी.

घराण्यातल्या एखाद्या बाईचा माग काढायला निघालेल्या प्रत्येकाला ही अडचण येते. लग्नात आडनाव बदलते, बरेचदा नावही बदलते, आणि एका घरात जन्मलेली मुलगी दुसऱ्या घरात नव्या नावाने सुरू होते. मावळातल्या गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळा आढळतात. वीरगळावर वीराची पूर्ण आकृती असते, तो लढतो, पडतो, शिवलिंगाची पूजा करतो. सतीशिळेवर बहुतेक वेळा कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात तेवढा असतो. नाव कोरलेले क्वचितच दिसते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला गेलेल्या स्त्रियांचे वंशज आज आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा शोध घेतात, तेव्हा त्यांनाही हीच भिंत लागते. तिथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन कसण्यासाठी मागता येत असे. हा हक्क कुटुंबप्रमुखाला होता आणि अविवाहित प्रौढ स्त्री किंवा विधवा स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती. नांदत्या विवाहितेला सहसा ते शक्य नव्हते. त्यामुळे नवऱ्याच्या बरोबरीने गाडीतून गेलेली, घर उभारणारी बायको कागदावर दिसत नाही. नवरा वारला आणि जमीन तिच्या नावावर आली की मात्र तिचा अर्ज, साक्षीदारांचे जबाब, पिकाचा तपशील असा भरगच्च कागद मिळतो.

आपल्याकडेही असेच घडले आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला नवलाख उंबऱ्याच्या शेजारी तळेगावात आहे. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतिपदाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारी स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती उमाबाई दाभाडे. मराठी राज्याची सरहद्द गुजरातेत सरकत होती त्या काळात, त्या सरहद्दीची जबाबदारी तिच्याकडे होती.

माहेरची पायवाट

उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांची मुलगी. अभोणे नाशिक जिल्ह्यात, आजच्या कळवण तालुक्यात. तिचे लग्न तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांशी झाले. दाभाडे हे शिवकाळापासूनचे मावळातले घराणे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा येसाजी दाभाडे आणि त्यांचे पुत्र त्या कठीण प्रवासात कामी आले. पुढे १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले. खानदेश आणि गुजरात या दिशांना त्यांची फौज फिरत राहिली. तळेगावजवळ इंद्रायणीकाठचा इंदुरीचा भुईकोट त्याच काळातला.

या सगळ्या वर्षांत उमाबाई कागदावर फारशी नाही. पण दगडावर आहे. सप्तशृंगगडाच्या देवीकडे जाणाऱ्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या तिने १७१० च्या सुमारास बांधवल्या, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. सप्तशृंगगड कळवण तालुक्यात, म्हणजे तिच्या माहेरच्या मुलखात. पतीच्या हयातीत, सासरच्या गावापासून इतक्या दूर, तिच्या स्वतःच्या नावाने उरलेले हे काम आहे. स्त्रीचा शोध सासरच्या वंशावळीत थांबतो तेव्हा तो माहेरच्या देवस्थानात पुढे सरकू शकतो. दानाला, नवसाला आणि पाणवठ्याला बाईचे नाव लागायचे. घाट, विहीर, बारव, पायऱ्या, देवळातली समई आणि घंटा हीसुद्धा साधने आहेत आणि वंशेतिहास लिहिणाऱ्यांनी ती वाचली पाहिजेत.

डभईनंतर

१७२९ मध्ये खंडेराव वारले. थोरला मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला. गुजरातच्या चौथाईवरून पहिल्या बाजीराव पेशव्यांशी त्याचा संघर्ष वाढत गेला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. त्रिंबकराव हत्तीवर बसून लढला आणि गोळी लागून पडला. ही गोळी त्याच्याच मामाने, भाऊसिंग ठोके याने झाडली, असे सांगितले जाते. ते खरे असेल तर या एका मृत्यूत उमाबाईचे सासर आणि माहेर दोन्ही गुंतलेले होते.

दोन वर्षांत पती आणि कर्ता मुलगा दोघेही गेले. हाताशी उरले यशवंतराव आणि बाबूराव हे धाकटे मुलगे. शाहू महाराजांनी मध्ये पडून दाभाडे आणि पेशवे यांचा समेट घडवला. महाराज बाजीरावांना घेऊन तळेगावी आले आणि बाजीरावांनी उमाबाईंपुढे नमते घेतले, अशी परंपरा आहे. समेटातून व्यवस्था ठरली ती अशी : सेनापतिपद यशवंतरावांकडे, गुजरातचा कारभार दाभाड्यांकडे, आणि वसुलाचा निम्मा हिस्सा पेशव्यांमार्फत छत्रपतींच्या खजिन्यात. यशवंतराव लहान असल्याने शिक्का त्यांचा आणि कारभार आईचा झाला. इथपासून उमाबाई कागदांत ठळकपणे दिसू लागते. कर्ता पुरुष गेल्यावर तिचे नाव पुढे आले, पण कारभाराची समज काही एका दिवसात आलेली नसणार. तोवर ती कोणी लिहून ठेवली नव्हती, एवढेच.

१७३२ मध्ये मारवाडचा अभयसिंग गुजरातचा सुभेदार असताना त्याच्या माणसांनी डाकोर येथे पिलाजी गायकवाडांचा दग्याने खून केला. पिलाजी हे दाभाड्यांचे गुजरातमधले मुख्य सरदार, सरहद्दीवरचे सगळे बळ त्यांच्यावर उभे होते. उमाबाईने पिलाजींचा मुलगा दमाजी आणि कंठाजी कदम बांडे यांना बरोबर घेतले आणि मोठी फौज घेऊन ती स्वतः अहमदाबादवर चालून गेली. अखेर अहमदाबादच्या खजिन्यातून ८० हजार रुपये देण्याचे ठरले आणि चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य झाला. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी तिला पायात घालायला सोन्याचे तोडे दिले, ही गोष्ट मावळात आजही सांगतात.

तोड्यांची गोष्ट लक्षात राहते आणि कारभार विसरला जातो, याची मला खंत वाटते. फौजेला पगार, घोड्यांना दाणावैरण, ठाण्यांवर माणसे, सरदारांमधले हेवेदावे, सातारच्या दरबारातली बोलणी आणि तळेगावचा घरखर्च हे सगळे ती जवळजवळ वीस वर्षे सांभाळत होती. मुलगा मोठा झाला तरी त्याच्याने कारभार उचलला गेला नाही, त्यामुळे तिची सुटका झाली नाही. सरहद्दीवरची खरी सत्ता मात्र हळूहळू दमाजीकडे सरकत होती. तळेगाव आणि गुजरात यांच्यातले अंतर त्याला कारण होते. ज्याचा तळ मुलखात, त्याच्या हाती वसूल.

आळंदी आणि लोहगड

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि उमाबाईचा मोठा आधार गेला. नानासाहेब पेशव्यांवर कर्ज होते. गुजरातच्या निम्म्या उत्पन्नाची मागणी त्यांनी लावून धरली. उमाबाईने आधी वकील पाठवला, मग १७५० च्या अखेरीस ती आळंदीला स्वतः पेशव्यांना भेटली. पूर्वीचा करार आपल्यावर लादलेला होता, तो अन्यायाचा आहे, असे तिचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही.

त्याच सुमारास साताऱ्यात राजाराम महाराजांची विधवा पत्नी ताराबाई हिने शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या रामराजाला कैद केले आणि पेशव्यांविरुद्ध उभे राहायला माणसे शोधली. दोन वृद्ध विधवा, एक छत्रपतींच्या घराण्यातली आणि दुसरी सेनापतींच्या, अशा एकत्र आल्या. उमाबाईच्या बाजूने दमाजी गायकवाड १५ हजारांची फौज घेऊन घाट चढून आला. निंब येथे त्याने जय मिळवला, पण पुढे साताऱ्याजवळ तो अडकला. ३० एप्रिल १७५१ रोजी पेशव्यांनी त्याच्या तळावर हल्ला केला आणि तो कैद झाला. पाठोपाठ दाभाडे आणि गायकवाड घराण्यांतली माणसेही कैद झाली. त्यांतल्या काहींना मावळातल्याच लोहगडावर ठेवण्यात आले.

दमाजीने पुढे गुजरातचा निम्मा हिस्सा पेशव्यांना देण्याचे कबूल केले आणि त्याची सुटका झाली. दाभाड्यांचा गुजरातशी असलेला संबंध त्याबरोबर संपला. बडोद्याचे राज्य उभे राहिले ते गायकवाडांचे. उमाबाई नोव्हेंबर १७५३ मध्ये पुण्यात वारली, पुढच्याच वर्षी यशवंतराव गेला. तळेगावात बनेश्वराच्या परिसरात या घराण्याच्या समाध्या आहेत.

एक धागा मात्र तळेगावातून पुण्यात गेला आणि फार दूरवर पोहोचला. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली होती. त्रिंबकराव पडल्यावर बाजीरावांनी ती पुण्यात चालवायला घेतली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या पैशांतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीच पुढे डेक्कन कॉलेजच्या रूपाने वाढली. मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटीही याच निधीची. ज्या घराचा कारभार उमाबाईने सावरला, त्या घरातून निघालेल्या दानावर मराठी विद्येची एक अख्खी पिढी पोसली गेली.

कागद कुठे मिळतात

उमाबाईचे चरित्र एका जागी सापडत नाही. तिच्या विरोधकांच्या दप्तरात ती सर्वांत जास्त भेटते. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यांतला एक खंड दाभाडे आणि गुजरातचा विजय या विषयाला वाहिलेला आहे. दुसरी बाजू फारसीत आहे. गुजरातचा दिवाण अली मुहंमद खान याने लिहिलेल्या 'मिरात-इ-अहमदी'त मराठ्यांच्या स्वाऱ्यांची हकिगत येते. गॅझेटियरकारांनी तिचाच आधार घेतला.

सरदेसाई यांचे आयुष्य या कथेला आणखी एका तऱ्हेने जोडलेले आहे. त्यांनी नोकरी केली बडोद्याच्या गायकवाडांकडे, म्हणजे ज्यांचे पूर्वज उमाबाईचे सरदार होते त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर ते राहायला आले मावळातच, कामशेतला. १९५९ मध्ये तिथेच ते वारले. 'मराठी रियासत' लिहिणाऱ्या या माणसाच्या घरापासून लोहगड जवळ आणि तळेगावही जवळ.

सेनापतीच्या बाईसाठी निदान दप्तर आहे. नवलाख उंबऱ्यातल्या शेतकरी घरातल्या बाईचे काय? तिच्यासाठीही वाटा आहेत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या कुटुंबांची नामावळ असते, त्यात बायकांची नावेही मिळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम आणि वतनांचे कागद आहेत. वतनाच्या वादात, दत्तक घेताना, अज्ञान मुलाच्या वतीने अर्ज करताना गावोगावच्या विधवा बोलल्या आहेत आणि ते मोडीत उतरले आहे. आणखी एक मोठे भांडार जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून राज्यभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव बरोबर लिहून घेतले. ज्या बाईचे नाव सातबारावर कधी चढले नाही, तिचे नाव तिच्या ओवीपाशी आहे.

काळ थोडा बदलला आहे. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेने पत्नीचे नाव सातबारावर लावण्याची सोय झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदांवर, आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. पुढच्या शतकात कोणी पणजीचा शोध घ्यायला निघेल, तेव्हा त्याला आपल्याइतके चाचपडावे लागणार नाही.

त्याआधीच्या बायकांची नोंद मात्र आपल्यालाच करावी लागेल. मावळातल्या आणि मावळाबाहेरच्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, तिच्या आईचे आणि आजीचे नाव विचारून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. पेटीत मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आणि घराण्याची वंशावळ नव्याने काढाल तेव्हा तिच्यात लेकी आणि सुना दोघींनाही त्यांच्या स्वतःच्या नावाने जागा द्या.