पाळी गेल्यानंतरचा रक्ताचा एक डागही ‘वयाचा’ नसतो

चाळिशीनंतरचं शरीर : भाग पाचवा

पाळी मागेपुढे होऊ लागते, त्या काळाबद्दल आपण मागच्या आठवड्यात बोललो. कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, कधी नुसता डाग, तर कधी बिछान्यातून उठवत नाही इतकं अंगावरून जाणं. अशी सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. भारतात हे साधारण 46-47व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत 51च्या सुमारास. या काळातला कोणता त्रास घरी आटोक्यात ठेवता येतो, कशावर औषध घ्यायला हवं आणि कशासाठी त्याच आठवड्यात दवाखाना गाठायला हवा, हे आज पाहू. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण तिथे झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.

पाळी जाऊन दीड-दोन वर्षं झालेली असतात आणि एक दिवस कपड्यावर डाग दिसतो. दुखत काहीच नसतं. ‘परत आली वाटतं’ म्हणून विषय संपतो. पुन्हा दोन महिन्यांनी डाग दिसतो, तेव्हा घरात लग्न असतं, नातवंडांच्या परीक्षा असतात, आणि तेही राहून जातं. पण एकदा वर्षभर थांबलेली पाळी आपोआप परत येत नाही, असंच धरून चालावं. थेंबभर असो, तपकिरी असो, एकदाच दिसलेला असो, त्या रक्ताचं कारण शोधावंच लागतं.

असा रक्तस्राव झालेल्या दहा बायकांमागे साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्या नऊ जणींना तो नसतो. कुणाचं अस्तर पातळ पडून नाजूक झालेलं असतं, कुणाला आत छोटासा मांसल कोंब वाढलेला असतो. मात्र ती दहावी कोण, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. दिलासा असा, की हा कॅन्सर रक्तस्रावामुळे लवकर जाणीव करून देतो. तो गर्भाशयापुरताच असताना सापडला, तर शस्त्रक्रियेने बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. तपासणीही घाबरण्यासारखी नाही. डॉक्टर आधी गर्भाशयाचं तोंड पाहतात, मग योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता फारच कमी असते. जास्त असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी तर एक दिवसही रेंगाळू नये.

पाळी अजून पूर्ण गेलेली नाही, पण तासा-दोन तासांत पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, आठवडा उलटला तरी थांबत नाही, किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, यातलं काहीही असलं तरी दाखवायलाच हवं. ‘जाताना असंच जातं’ हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की हिमोग्लोबिन सातवर येईपर्यंत बाई घरकाम करत राहते.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच गंभीर आहे. दवाखान्यात गेलेल्या बाईला पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं जातं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या बातम्या आल्या, तेव्हा हे महाराष्ट्राला उघड दिसलं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस कामावर खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, फडात ना आडोसा ना पाणी, मग अंगावरून जाणं, संसर्ग, पोटदुखी हे सगळं आलंच. त्यावर साध्या औषधांनी सुरुवात करण्याऐवजी पिशवीला कॅन्सर होईल अशी भीती घालून शस्त्रक्रिया झाल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अनेकींनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं. नैसर्गिकपणे चार-पाच वर्षांत होणारा बदल एका रात्रीत अंगावर येतो. अंगात एकदम ऊब चढते त्या ‘वाफा’ तीव्र येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून कुणी शस्त्रक्रिया सुचवली, तर तीन प्रश्न जरूर विचारा : गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागणार नाही का? तुकडा तपासलाय का? अंडाशयं ठेवणार की काढणार? उत्तरं पटली नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तेही जमत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात जा. शस्त्रक्रियेची खरी गरज असलेल्याही पुष्कळ जणी असतात, त्यांनी ती टाळू नये. माझा आक्षेप आहे तो तपासणीशिवाय केलेल्या घाईला.

वाफांकडे वळते. छातीपासून मानेपर्यंत एकदम ऊब चढते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांनी थंडी वाजते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन घटल्यावर तो फार हळवा होतो. तापमान जरासं वाढलं तरी शरीर फार तापलंय असं समजून तो घाम सोडायला लावतो. त्रास खराच असतो, मनाचे खेळ नसतात. आणि तो सहा महिन्यांत संपतोच असं नाही, पुष्कळ जणींना सात-सात वर्षं राहतो. रात्री तीनदा ओलं होऊन उठणारी बाई सकाळी चिडचिड करते, विसरते, तिला रडू येतं. यातल्या निम्म्या गोष्टी झोपेच्या असतात, आणि घरातले मात्र तिचा स्वभाव बदलला म्हणतात.

सुती कपडे, उशाशी पंखा, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट, चहा-कॉफी बेताने, यांनी थोडं हायसं वाटतं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यावर वाफा कमी झालेल्या आढळतात. धूम्रपानाने त्या वाढतात. विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन, म्हणजे सीबीटी, झोप आणि वाफा दोन्हींच्या त्रासावर उपयोगी पडतं. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवर पैसे घालवण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा. वय 45च्या पुढे असेल आणि लक्षणं स्पष्ट असतील, तर पाळी जातेय हे ठरवायला हार्मोनच्या रक्ततपासणीची बहुतेक वेळा गरजही नसते.

वाफांवर सर्वांत गुणकारी उपचार आजही हार्मोनचाच आहे आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त भीती आहे. या भीतीचं मूळ 2002 साली आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला एक भाग तेव्हा मुदतीआधी थांबवण्यात आला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. किती जास्त, हे फारसं कुणी सांगितलं नाही : दर वर्षी दहा हजार बायकांमागे सुमारे आठ. शिवाय त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईला बहुधा धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो, असं आज स्त्रीरोगतज्ज्ञ मानतात. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये किंवा पट्टीत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी असतो. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या, पक्षाघात झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या आणि कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या बायकांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणणं मात्र धोक्याचं आहे.

आणखी एक त्रास आहे, जो बाई नवऱ्यालाही सांगत नाही. योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, संबंध नकोसे होतात, लघवीला सारखं जावं लागतं, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वाफा वर्षांनी ओसरतात, पण हा त्रास उपचाराविना वाढत जातो. लघवीला जळजळ होते म्हणून वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेणाऱ्या कितीतरी जणींचं खरं कारण हे कोरडेपण असतं. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यावर फार चांगलं काम करतं आणि रक्तात जेमतेम उतरतं. सांगायला लाज वाटत असेल, तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. चालतं.

सगळंच पाळी जाण्यावर ढकलू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर टीबीची तपासणी आधी. धडधड, थकवा, केस गळणं यांमागे थायरॉइड किंवा रक्तक्षय असू शकतो. जिना चढताना छातीत दडपण येणं, जबडा किंवा पाठ भरून येणं, दरदरून घाम येणं याला वाफ समजून पंख्याखाली बसू नका, ईसीजी काढा. पाळी गेल्यावर बायकांनाही हृदयविकार पुरुषांसारखाच गाठतो. पोट सतत फुगलेलं, चार घास खाल्ले की भरल्यासारखं, असं रोजच्या रोज तीन-चार आठवडे चाललं, तर अॅसिडिटीच्या गोळ्या थांबवून अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्या. चाळिशीच्या आत पाळी गेली, तर वाफा नसल्या तरी उपचार हवेच, कारण हाडांना आणि हृदयाला फार लवकर संरक्षण कमी पडतं.

मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगणं नको असा विचार डोकावला, तर त्या दिवशीच कुणाशी तरी बोला. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधं, आई-मावशी-बहिणीला असलेले कॅन्सर आणि रात्री किती वेळा जाग येते एवढं लिहून न्या. पाच मिनिटांच्या भेटीत त्याने फार मदत होते.

पुढच्या आठवड्यात हाडांविषयी बोलू : नाचणी, तीळ, ऊन, व्यायाम आणि डेक्सा तपासणी. तोवर घरात चाळिशी-पन्नाशीची जी कुणी असेल, तिला रात्री झोप लागते का, हे एकदा विचारा. नाही म्हणाली, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.