कंपायलर चुकला? मग तक्रार नीट लिहा!

"माझा प्रोग्राम बरोबर आहे, कंपायलरच चुकतोय!" हे वाक्य प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. बहुतेक वेळा ते खोटं असतं. पण नेहमीच नाही. कंपायलर हाही माणसांनी लिहिलेला एक प्रोग्रामच. २०११ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सीस्मिथ' हे टूल जगापुढे मांडलं. ते स्वतःच उलटसुलट सी प्रोग्राम तयार करून कंपायलरची परीक्षा घेतं. त्यातून वेगवेगळ्या कंपायलरमध्ये मिळून ३२५ हून जास्त नवे बग सापडले. त्यात आपला जीसीसीही होता.

असा बग सापडला तर कळवायचा कसा? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून मैत्रिणी म्हणतात, "तुझं इंग्लिश चांगलं, तूच लिही." पण इथे इंग्लिशपेक्षा पुरावा जास्त लागतो.

आपल्या भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडचं उदाहरण घ्या. समजा ड्रायव्हरने नुसतं लिहिलं, "इंजिन नीट चालत नाही." शेडमध्ये उभ्या इंजिनात फिटरला काय दिसणार? पण इंजिन नंबर, मागे किती लोड, कोणता सेक्शन, कितवा नॉच आणि नेमकं काय झालं, हे लिहिलं तर तो बरोबर तिथेच हात घालतो. कंपायलरचंही तसंच आहे.

१. बग कोणत्या प्रकारचा? 'इंटरनल कंपायलर एरर' आला, म्हणजे कंपायलर स्वतःच कोसळला. तुमचा प्रोग्राम चुकीचा असला तरी कंपायलरने कोसळायला नको, म्हणून हा बग नक्की त्याचाच. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा: एरर काहीच नाही, पण उत्तर चुकीचं.

२. चूक आपली नाही ना? दुसऱ्या प्रकारात हे आधी तपासा. समजा 'एक्स अधिक एक हे एक्सपेक्षा मोठं आहे का?' अशी अट लिहिली आणि एक्समध्ये इंटिजरची सगळ्यात मोठी किंमत आहे. ऑप्टिमायझेशन लावलं की जीसीसी ही अट नेहमीच खरी धरू शकतो. हा बग नाही! साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो होऊ द्यायचा नाही, हा सी भाषेचाच नियम आहे. म्हणून सगळ्या वॉर्निंग चालू करा. 'एफसॅनिटाइझ' ऑप्शनला 'अनडिफाइन्ड' देऊन प्रोग्राम चालवा. अशा बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातात.

३. प्रोग्राम छाटा. हजार ओळी कोणी वाचत नाही. अर्धा भाग काढा, कंपाइल करा. बग अजून दिसतो? मग तो भाग नकोच होता. गेला? तर परत ठेवा आणि दुसरा काढून बघा. असं करत शेवटी जेवढ्या ओळींशिवाय बग दिसतच नाही, तेवढ्याच ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण रिपोर्टचा जीव यातच आहे.

४. काय पाठवायचं? कंपायलरचं पूर्ण व्हर्जन, मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टीम, दिलेली कमांड जशीच्या तशी, आलेला मेसेज पूर्ण, आणि 'सेव्ह-टेम्प्स' ऑप्शनने मिळणारी प्रीप्रोसेस केलेली फाइल. ही फाइल का? कारण तुमच्या मशीनवरच्या हेडर फाइल दुसऱ्याकडे वेगळ्या असू शकतात. प्रीप्रोसेस केल्यावर त्या आतच येतात. चुकीच्या उत्तराचा बग असेल तर काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हेही लिहा. स्क्रीनचा फोटो पाठवू नका, तो कंपाइल होत नाही!

पाठवण्याआधी नव्या व्हर्जनवर तपासा आणि तोच बग आधी कोणी नोंदवलाय का ते शोधा. एका रिपोर्टमध्ये एकच बग.

जीसीसी म्हणजे परदेशातल्यांचं काम, असं समजू नका. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि तिथे जीसीसी आतून कसा चालतो यावर वर्कशॉप झाले. आणि बग सुटल्यावर तुमचा तो छोटा प्रोग्राम बहुतेकदा जीसीसीच्या टेस्टमध्येच ठेवतात, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर लगेच कळावं. तो भुसावळहून आला की बोस्टनहून, हे कोणी विचारत नाही. तो दुसऱ्याच्या मशीनवर तोच बग दाखवतो का, एवढंच बघतात.