मोटारीचे ऑईल : सिंथेटिक की सेमी?



ट्रॅक्टरच्या ऑईलबाबत आपल्या सभासदांना फारसे सांगावे लागत नाही. किती तासांनी बदलायचे, कोणत्या नंबरचे घालायचे, हे घरातल्या पोरालाही पाठ असते. घरच्या मोटारीचे मात्र तसे नाही. ती सर्व्हिसिंगला गेली की गॅरेजवाला विचारतो, "अण्णा, सेमी टाकू का फुल सिंथेटिक?" दोहोंच्या भावात बराच फरक. मग कोणी महाग ते चांगले म्हणून सिंथेटिक घालतो, तर कोणी शेडमधल्या ट्रॅक्टरच्या कॅनमधलेच ओततो. पहिल्यात पैसे वाया जाण्याचा संभव, दुसऱ्यात इंजिन जाण्याचा. सबब या विषयाची थोडी फोड आम्ही येथे करीत आहोत.

ऑईल कशाचे बनते?

कोणतेही इंजिन ऑईल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने. ही रसायने काजळी धरून ठेवतात, झीज कमी करतात आणि तयार होणारे आम्ल मारतात. खरा फरक मूळ तेलात आहे. साधे ऑईल खनिज तेल शुद्ध करून काढतात. त्यात लहान-मोठे सर्व तऱ्हेचे रेणू राहतात. सिंथेटिकमध्ये रासायनिक प्रक्रियेने हे रेणू जवळपास एकसारखे केलेले असतात. गूळ आणि साखर दोन्ही उसाचेच. पण गुळात रसातले बरेच काही उतरते आणि साखरेचा दाणा एकसारखा निघतो, तसेच हे. म्हणून सिंथेटिक थंड इंजिनात लवकर वाहते, आणि उष्णतेने लवकर करपत नाही.

सेमी म्हणजे या दोहोंचे मिश्रण. त्यात सिंथेटिक किती, हे डब्यावर सहसा लिहिलेले नसते. 'सिंथेटिक' हा शब्दही सरळ नाही. १९९९ साली अमेरिकेतील एका जाहिरातीच्या वादात, खनिज तेलावर खोल प्रक्रिया करून बनविलेल्या तेलासही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय झाला. आज बाजारातल्या बऱ्याच फुल सिंथेटिक डब्यांत असेच तेल असते. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

डब्यावरचे आकडे वाचा

साखरेच्या पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहितात. अक्षर दाण्याचा आकार सांगते, आकडा रंग सांगतो. ऑईलच्या डब्यावरही असेच आहे. '५ डब्ल्यू-३०' यातील डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका कमी, तितके थंड इंजिनात ऑईल लवकर पोचते. पुढचा आकडा म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, राहणारा दाटपणा. त्याशेजारी 'एपीआय' असे लिहून दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर एस असेल तर पेट्रोलचे, सी असेल तर डिझेलचे. पेट्रोलमध्ये एसएन हा दर्जा २०१० चा आणि एसपी २०२० चा. पुढचे अक्षर म्हणजे नवा दर्जा.

कोणता आकडा आणि कोणता दर्जा हवा, हे मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेले असते. तेथे '० डब्ल्यू-२०' असेल तर प्रश्नच मिटला. इतके पातळ ऑईल साध्या मूळ तेलातून जमत नाही, सिंथेटिकच घ्यावे लागते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल मोटारीत धुराड्याला काजळीची जाळी असेल, तर कमी राख करणारे, पुस्तकात सांगितलेलेच ऑईल घालावे. दुसऱ्याने जाळी चोंदते व तिचा खर्च मोठा असतो.

ट्रॅक्टरचे ऑईल सहसा १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० असते. ते वाईट नव्हे, पण लहान पेट्रोल इंजिनाच्या अरुंद वाटांना दाट पडते. मोटार सुरू केल्यावर वरच्या भागात ते उशिरा पोचते आणि तेवढ्यात झीज होते.

हिशेब कसा करावा?

पुस्तकात दोन्ही चालतात असे असेल, तरच निवडीचा प्रश्न येतो. समजा, मोटारीला साडेतीन लिटर ऑईल लागते. सेमीचा भाव लिटरला ४५० रुपये आणि सिंथेटिकचा ८०० रुपये धरला, तर खर्च १,५७५ आणि २,८०० रुपये. फरक १,२२५ रुपयांचा. बऱ्याच पेट्रोल मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत असते. आपली मोटार वर्षाला ६,००० किलोमीटर चालत असेल, तर दोन्ही ऑईल वर्षानेच बदलावी लागणार. महागाचे आहे म्हणून दोन वर्षे ओढता येत नाही.

गावातून मळ्यात, मळ्यातून गट कार्यालयात, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑईलमध्ये उतरते, ती उडून जात नाही आणि खाली गाळ साचतो. अशा मोटारीला वेळेवर बदललेले सेमी हे दोन वर्षे ओढलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही हितावह.

याउलट टर्बो इंजिन असेल, घाटातून भरल्या गाडीने वरचेवर जाणे असेल, किंवा महामार्गावर रोजची लांब धाव असेल, तर सिंथेटिकचा जादा पैसा सत्कारणी लागतो. टर्बोच्या बेअरिंगजवळची उष्णता हलक्या ऑईलला करपवते.

सभासदांनी एवढे करावे :

१) प्रथम पुस्तक पाहावे, मग भाव विचारावा.
२) सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा. रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही.
३) ऑईलबरोबर फिल्टरही बदलावा.
४) पंधरवड्याने, सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहावी. ऑईल नुसते काळे दिसले म्हणून घाबरू नये. पातळी उतरली तर मात्र दुर्लक्ष नको.
५) एकदा सिंथेटिक घातले की परत सेमी चालत नाही, हा समज खोटा आहे. नंबर व दर्जा जुळला की चालते.
६) जळके ऑईल बांधावर, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजमार्फत परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे द्यावे. तेच पाणी आपण उसाला देतो आणि पितोही.