साथ येण्याआधीची नोकरी

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. पहिला संशय पीतज्वराचा होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी माकडांचे, माणसांचे, गोचिडींचे नमुने तपासले आणि गोचिडीतून पसरणारा नवाच विषाणू शोधून काढला. हे केंद्र १९५२ मध्ये, म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधी सुरू झाले होते. मला या पाच वर्षांचे मोल फार वाटते. व्हेंटिलेटर ऐनवेळी विकत आणता येतो; गोचिडीची जात ओळखणारा कीटकशास्त्रज्ञ ऐनवेळी कुठून आणणार? हाच माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात पोचला, तेव्हा त्याचे नाव-गाव आधीच ठाऊक होते.

निपाह या विषाणूची कहाणीही हेच सांगते. २००१ मध्ये सिलिगुडीत रुग्णालयातले कर्मचारी आणि भेटायला आलेले नातेवाईकही दगावले, पण कारण उमगले नाही. तो निपाह होता हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून नंतर समजले. २०१८ मध्ये कोझिकोडला मात्र काही दिवसांतच निदान झाले, संपर्कात आलेल्यांचा माग काढला गेला आणि साथ आटोक्यात आली. याचे श्रेय तिथल्या सावध डॉक्टरांचे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण त्यांचा संशय पडताळायला मणिपाल आणि पुण्याच्या प्रयोगशाळा सज्ज नसत्या, तर तो संशयच राहिला असता.

साथ नसताना साथींवर नजर ठेवणाऱ्या लोकांना पगार कशाचा, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. प्रत्यक्षात साथ नसते तेव्हाच त्यांचे खरे काम चालते: जिल्ह्याजिल्ह्यातून येणारे तापाचे, जुलाबाचे आकडे पाहणे, नेहमीपेक्षा वाढलेला आकडा हेरणे, गावात जाऊन विहिरीचे पाणी तपासणे. नेहमीचे प्रमाण माहीत असल्याशिवाय वाढ ओळखणार कशी? या कामाला डॉक्टरांइतकेच पशुवैद्य, संख्याशास्त्रज्ञ, समाजशास्त्राचे पदवीधरही लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणही मिळते. अडते ते पुढे. जिल्हा पातळीवरची अशी अनेक पदे कंत्राटी आहेत, आणि दरवर्षी नूतनीकरणाची वाट पाहणारा हुशार तरुण दुसरी नोकरी शोधतो. त्याच्याबरोबर त्या जिल्ह्यातल्या पाणवठ्यांची, वस्त्यांची, तापांची ओळखही निघून जाते, आणि नव्याने आलेल्याला ती पहिल्यापासून करून घ्यावी लागते.