गोळी दुखण्याआधीची

क्लस्टर डोकेदुखीत एका डोळ्याभोवती असह्य कळ उठते, डोळा लाल होऊन पाणावतो. झटका १५ मिनिटे ते ३ तास टिकतो. मानकोलीच्या गोदामपट्ट्यातला कामगार मेडिकलमधून साधी वेदनाशामक गोळी आणतो, पण ती लागू पडेपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो. म्हणूनच वर्षभर ज्यांना ३ महिन्यांचीही सलग उसंत मिळत नाही, अशा जुनाट रुग्णांना रोजचे प्रतिबंधक औषध लागते. त्यात पहिली पसंती व्हेरापामिलला. ‘डोक्यासाठी रक्तदाबाचे औषध कशाला?’ ही शंका रास्त आहे, कारण ते हृदयाचे ठोके मंदावू शकते. पण त्यावर उपाय औषध टाळणे नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा वाढवताना ईसीजी काढणे. पर्यायी लिथियमलाही नियमित रक्ततपासणी लागतेच.